हक्काचा ताप

ठाकुर्लीच्या मालनबाईंना दर वर्षी गणपती गेले की ताप भरायचा. तोही साग्रसंगीत, म्हणजे अंगदुखी, खोकला, बसलेला आवाज. आणि तापाच्या मागोमाग कोलशेतहून धाकटी बहीण सुमती यायची, ती चार दिवस राहायची.

असा ताप कोणाला नको असतो? सुमतीची सासू बायजाबाई नव्वदीला टेकलेली. बहिणीकडे उगाच राहायला जाणं तिच्या लेखी चैन होती. बहीण आजारी म्हटलं की मात्र तीच सुकटीची चटणी डब्यात भरून द्यायची. मग चार दिवस ओट्यावर सुमती, पांघरुणात मालनबाई, आणि दोघींच्या मधे साऱ्या कोलशेतच्या भानगडी.

यंदा श्रावणातच विनीत म्हणाला, "आई, शनिवारी फ्लूची लस घ्यायला जायचंय. मागच्या वेळी छाती भरलेली तुझी, विसरलीस?"

"अरे, मला सुई सोसत नाही."

"चैत्रात कानाला दुसरं भोक पाडून आलात की," सून रुचिता म्हणाली.

"ते सोन्यासाठी गं."

मग शेजारच्या दाजींना लस घेऊनही सर्दी झाली होती, ती मालनबाईंनी पुढे केली. दर वर्षी नवी लस कशाला, हेही विचारून झालं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. एका पारड्यात ताप, दुसऱ्यात सुमी. हा सौदा बरा होता.

दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना रुचिता सहज बोलून गेली, "सुमतीमावशींनाही घ्यायला सांगू या. गेल्या वर्षी इथून गेल्या त्या महिनाभर खोकत होत्या. रात्री आडवंही होता येत नव्हतं."

"मला कोणी बोललं नाही ते?"

"त्यांनीच शपथ घातलेली. ताईला कळलं तर पुन्हा बोलावणार नाही, म्हणाल्या."

मालनबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. या सौद्याची किंमत आपण भरतो, अशा समजुतीत त्या इतकी वर्षं होत्या. भरत होती सुमी.

शनिवारी दवाखान्यात त्यांनी कोणी न सांगता बाही वर केली.

"हात थोडा दुखेल," डॉक्टर म्हणाले, "एखादा दिवस कणकण वाटेल. पुष्कळांना काहीच होत नाही."

"कणकण म्हणजे कितपत?"

"घाबरू नका, आजी."

मालनबाई घाबरल्या नव्हत्या. त्यांना आशा वाटत होती.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. "सुमे, लस घेतली. हात वर होत नाही बघ."

"कुठला?"

"डावा."

"मग उजवा आहे की, ताई."

"चपात्या एका हाताने लाटतात का गं तुमच्याकडे?" मालनबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तू पण टोचून घे आधी. पुन्हा खोकलीस आणि माझ्यापासून लपवलंस, तर याद राख."

पलीकडे सुमती एकदम ओरडली, बायजाबाईंना आतल्या खोलीत ऐकू जाईल असं, "अगं बाई! हातच वर होत नाही? एकटीने कसं करणार तू? आलेच मी!"

आणि लगेच हळू आवाजात, "उद्या लस घेते, परवा येते. डावा म्हणालीस ना? लक्षात ठेव, नाहीतर विनीतसमोर उजवा धरून बसशील."

"आहे गं लक्षात," मालनबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातातला फोन त्यांनी उजव्या हातात घेतला.