समोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. पण लगेच कान टवकारू नका. जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती खुर्ची मी नव्हे. ती टेबलाच्या पलीकडे असते. गादीची, गरगर फिरणारी. मी टेबलाच्या अलीकडची. अर्ज घेऊन आलेल्या माणसानं बसायची. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलं नाही, आणि माझ्यावर कुणी हौसेनं बसलंही नाही.

माझा जन्म महाविद्यालयाच्याच सुतारशाळेतला. परीक्षेच्या हॉलसाठी आमची अख्खी पलटण तयार झाली. मी जरा तिरकी निघाले. टेकलं की कुरकुरायचे. परीक्षेत कुरकुर चालत नाही, म्हणून माझी रवानगी अधिष्ठात्यांच्या खोलीत झाली. तिथं कुरकुर रोजचीच होती.

त्या खोलीचं काम थोडक्यात सांगते. पदवी हवी तर ठरलेले सगळे विषय पुरे करावे लागतात. पण कुणाला एखादा विषय काही केल्या जमत नाही, कुणाचा विषयच मध्येच बंद पडतो, कुणी दुसऱ्या गावच्या कॉलेजातून अर्धवट शिकून आलेला असतो. अशांना दोन वाटा. पहिली वाट विषयबदलाची: या विषयाऐवजी माझा तो विषय धरा. त्याला विभागप्रमुखांची सही लागते, कारण दोन्ही विषय तोलामोलाचे आहेत, हे त्यांनी म्हणायचं असतं. दुसरी वाट विषयमाफीची: हा विषय तुम्हाला सोडला. मात्र तेवढे श्रेयांक दुसरं काहीतरी शिकून भरायचेच. माफी मिळाली म्हणजे सुटका झाली असं समजून पोरं उड्या मारत उठायची, आणि मॅडम त्यांना पुन्हा खाली बसवायच्या. "अरे बाबा, विषय माफ झालाय, अभ्यास नाही."

मॅडम म्हणजे माझ्या काळातल्या शेवटच्या अधिष्ठाता. सुरुवातीला त्या येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या. पुढं पुढं कागदाकडे बघायला लागल्या. मी त्यांना दोष देत नाही. संख्याशास्त्राला घाबरलेली मुलं, प्रयोगशाळेतल्या वासानं भोवळ येणाऱ्या मुली, नोकरी सांभाळून शिकणारे बाप्ये. प्रत्येकाची अडचण खरी, आणि प्रत्येकाची अडचण कालच्यासारखीच. संध्याकाळी त्या चष्मा काढून डोळे चोळायच्या, तेव्हा मलाही वाटायचं, आता कुणी येऊ नये.

अशाच एका सकाळी दोघं बहीण-भाऊ आत आले. भाऊ गॅरेजवाला, हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहिलेलं. बहीण त्याच्याहून बरीच लहान. तो तिला चिमणी म्हणायचा. गंमत अशी, की त्यानं मारलेली ती हाक तिनं कधीच ऐकली नव्हती. ती जन्मापासून बहिरी होती.

ती माझ्यावर बसली, तो मागं उभा राहिला.

"काय म्हणणं आहे हिचं?" मॅडमनी त्याला विचारलं.

"तिच्याकडे बघून विचारा मॅडम. ओठ वाचते ती."

मॅडम ओशाळल्या आणि त्यांनी तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं. मग तिनं हातांनी बोलायला सुरुवात केली. मी आजवर पुष्कळ बोलणारी माणसं पेलली आहेत. बहुतेकांचं बोलणं गळ्यातून निघतं आणि मला त्याचा पत्ताही लागत नाही. हिचं बोलणं खांद्यातून, पाठीतून, थेट माझ्या सांध्यांपर्यंत येत होतं.

भाऊ एकेक वाक्य उलगडून सांगत होता. तिचे सगळे विषय झाले होते, तेही चांगल्या गुणांनी. अडकलं होतं ते एका ठिकाणी. पदवीसाठी एक दुसरी भाषा शिकावी लागे, आणि तिची परीक्षा तोंडी असे. तोंडी परीक्षा ती देणार कशी? तिचं म्हणणं सरळ होतं. मला दुसरी भाषा येते. खुणांची. तिच्यातच मी वाढले. त्या विषयाच्या जागी ही धरा.

मॅडमनी भाषा विभागाच्या प्रमुखांना बोलावून घेतलं. सर सडपातळ, हळू बोलणारे. गावोगावच्या बोली गोळा करण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मॅडम, मी नाही म्हणत नाही. पण मला ती भाषा येत नाही. न वाचलेल्या उत्तरपत्रिकेवर मी कधी गुण दिले नाहीत. न कळणाऱ्या भाषेवर सही कशी करू?"

त्यांनी अर्ज मॅडमसमोर परत ठेवला. सर निघून गेले. बहीण-भाऊ त्यानंतर पुन्हा आले, मग पुन्हा आले. दर वेळी गॅरेजला कुलूप लावून भाऊ यायचा. घड्याळ बघायचा, खिशातला फोन बघायचा. बहिऱ्या मुलांच्या एका शाळेनं चिमणीसाठी शिक्षिकेची जागा धरून ठेवली होती, पण पदवी हातात आल्याशिवाय तिला रुजू करून घेता येत नव्हतं.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "हे बघा, यात वर्ष जाईल. डॉक्टरांचा दाखला तुमच्याकडे आहे. विषयमाफी माझ्या अधिकारात आहे, आत्ता सही करते. श्रेयांकांसाठी इतिहासाचा एखादा पेपर घ्या. प्रश्न मिटला."

भावाचा चेहरा उजळला. त्यानं तिला हातांनी सांगितलं. तिनं उत्तर दिलं. मोठं उत्तर, आणि देताना माझ्या हातावर तिचं कोपर असं आपटलं, की मी कळवळले.

भावानं नाक खाजवायचं निमित्त करून तोंड झाकलं आणि म्हणाला, "चालेल म्हणतेय."

मॅडमनी पेन उघडलं. माफीच्या कागदावर अर्धं नाव झालं होतं, इतक्यात हायसं वाटून त्या मान वर करून तिला म्हणाल्या, "शहाणी आहेस. माफी घेतलीस ते बरं केलंस."

हे मात्र तिनं वाचलं. तिनं एकदम कागदावर पंजा ठेवला. ओली शाई तिच्या तळहाताला लागली. मॅडमच्या हातातलं पेन काढून घेऊन तिनं त्याच कागदाच्या समासात लिहिलं : 'मी नाही म्हटलं होतं.'

आणि मग त्या दोघांचं भांडण लागलं. असं भांडण मी कधी अनुभवलं नव्हतं. खोलीत पंख्याशिवाय कशाचाच आवाज नाही, आणि माझा मात्र खुळखुळा झालेला. ती त्याच्याकडे वळे, तो पाठ फिरवी, ती त्याचा शर्ट ओढून त्याला परत वळवी. त्यानं कपाळाला हात लावला. तिनं त्याची हुबेहूब नक्कल केली. दारातला शिपाई चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा राहिला.

"काय चाललंय?" मॅडमनी विचारलं. "आणि या वेळी खरं सांगा."

भाऊ खाली बघत म्हणाला, "मी म्हटलं, तुझ्यापायी किती वेळा गॅरेज बंद ठेवू? ती म्हणाली, दादा, लहानपणापासून माझ्या वतीनं बोलत आलास, आता माझ्या वतीनं हरायलाही लागलास?" तो थांबला. "मी म्हटलं, शाळा तुझ्यासाठी थांबणार आहे का? तर म्हणते, त्या शाळेतली पोरं उद्या विचारतील, बाई, तुमच्या गुणपत्रिकेवर आपल्या भाषेपुढं काय लिहिलंय? माफ केली, असं सांगू?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"भांडता येतं, टोमणे मारता येतात, वर नक्कलही करता येते. म्हणजे भाषा आहे. मला पटलं. आता सरांना पटायला हवं."

त्यानंतरचे महिने आठवले तरी मला शीण येतो. सरांची सही नाही, म्हणून अर्ज महाविद्यालयाच्या अभ्यास समितीपुढं गेला, आणि तिच्या बैठका आमच्याच खोलीत व्हायच्या. चहा यायचा, सदस्य यायचे, विषय पुढं ढकलला जायचा. एक सदस्य म्हणाले, "आज ही आली, उद्या कुणी शिट्ट्या वाजवत येईल." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या तावातावानं भांडल्याही नाहीत. तेवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. फक्त प्रत्येक बैठकीत तोच अर्ज पुन्हा सगळ्यात वर ठेवायच्या. अखेर कंटाळून का होईना, समितीनं मान्य केलं : बाहेरून परीक्षक बोलवा, सरांच्या देखत परीक्षा घ्या, मग सर ठरवतील.

परीक्षक बाई दुसऱ्या शहरातून आल्या. त्यांना ऐकू येत होतं, पण आई-वडील दोघं बहिरे. त्यामुळे खुणांची भाषा त्या बोलण्याआधी शिकल्या होत्या. दुसरी खोली मोकळी नव्हती म्हणून परीक्षा तिथंच झाली. भावाला बाहेर बसवलं. चिमणी माझ्यावर. पहिल्यांदाच तिच्या मागं कुणी उभं नव्हतं. ती माझ्या अगदी कडेवर टेकली होती.

दोघी बोलत राहिल्या. प्रश्न काय, उत्तरं काय, देव जाणे. मध्येच परीक्षक बाई खळखळून हसल्या, मध्येच गंभीर झाल्या. सर कोऱ्या कागदावर पेन टेकवून बसले होते. एक अक्षर उमटलं नव्हतं.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं चुकली का?"

"घाईत दोन-तीन ठिकाणी वाक्यं खाल्ली," परीक्षक बाई म्हणाल्या. "बाकी उत्तम. ढब मात्र जाणवते तिची. नदीपलीकडच्या शाळेत शिकलेली दिसते. तिकडं 'पाणी' असं करतात, आम्ही असं." आणि त्यांनी दोन्ही करून दाखवलं.

सर खुर्चीत पुढं सरकले. "ढब? हातांना ढब असते?"

"असते की. तिकडच्या म्हाताऱ्यांची आणखी निराळी."

"म्हाताऱ्यांची निराळी," सर पुटपुटले. मग थेट चिमणीकडे वळून, ओठ नीट हलवत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे 'भाकरी'ला काय करतात? आणि नदीच्या अलीकडे?"

त्या दिवशी सरांनी दोन कागद भरून टिपणं घेतली. सहीची आठवण मॅडमना करून द्यावी लागली.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण कार्यालयाच्या संगणकात त्या विषयाला क्रमांकच नव्हता. क्रमांक मिळेपर्यंत निकाल अडकला. शाळेनं वाट पाहिली, आणि मग जागा भरून टाकली.

गुणपत्रिका घ्यायला भाऊ एकटाच आला. पहिल्यांदाच माझ्यावर बसला. चांगलाच जड होता.

"काय करते ती आता?" मॅडमनी विचारलं.

"बदली शिक्षिका म्हणून जाते. कुणी रजेवर असलं की बोलावतात. पुढच्या वर्षी बघू म्हणालेत." त्यानं गुणपत्रिका उघडली, बोट फिरवत एका ओळीवर थांबला आणि मोठ्यानं वाचलं, "दुसरी भाषा : सांकेतिक भाषा." मग कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोललो. वाईट हेतू नव्हता. थकलो होतो फार."

"मीही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तिच्याकडे न बघता पेन उघडलं."

दोघंही उगीच थोडं हसले. शिपायानं चहा आणला. दोघांनी तो संपवला.

मॅडम पुढं निवृत्त झाल्या. आता अर्ज संगणकावर भरतात. अडचणीचं कारण निवडायला चार पर्याय दिलेले असतात, आणि उत्तर फोनवर येतं. खोलीत कुणी येत नाही, म्हणून माझी जागा जिन्याखाली. एक पाय वाळवीनं धरलाय.

मला पॉलिश नको, परत त्या खोलीतही नको. इतक्या जणांची धाकधूक पेलून मी दमले आहे. पण नव्या साहेबांना कुणी भेटलात, तर एवढं सांगा : टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची ठेवा. प्लास्टिकची चालेल. आणि ज्याचा अर्ज त्या चार पर्यायांत बसत नाही, त्याला एकदा बोलावून 'बसा' म्हणा.

पुरे आता. शिपाई येतोय. माझ्यावर अजून दोन खुर्च्या रचायच्या आहेत त्याला.