भाकड ठरवलेली म्हैस

राजपाल डॉक्टरच्या हाताला यश आहे, असं बेंबळीच्या पंचक्रोशीत सगळे म्हणायचे. म्हशीला हात घातला न घातला तोच निकाल! या झटपट निकालाचा त्याला भारी गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली. चांगुणाबाईची म्हैस त्यानं अशीच घाईत भाकड ठरवली. भाकड म्हैस कोण पोसणार? तिनं ती बाजारात कवडीमोलानं विकली, आणि पुढं नव्या मालकाच्या दावणीला ती व्याली. वर रेडी झाली.

तेव्हापासून दूध संस्थेच्या दवाखान्यात राजपालवर माशा मारायची पाळी आली. लोक त्याच्या दारावरून परगावच्या डॉक्टरकडं जनावरं नेत. कुणाच्या सुनेला दिवस गेले तरी पारावरचं टोळकं हसे, "राजपालला दावू नका, भाकड म्हनंल!"

त्याची झोप उडाली. "धाराशिवची औषध कंपनीची नोकरी घ्या," बायको पौर्णिमा म्हणाली. "सोमवारी हजर व्हा आन् सुटा एकदाचं." सुटावं असं त्यालाही वाटे. पण तोंड लपवून गेलो तर जन्मभर लपवावं लागेल, ही धास्तीही होतीच.

शनिवारी चांगुणाबाईचाच निरोप आला. तो पिशवी उचलून निघाला. गोठ्यापुढं निम्मं गाव जमलं होतं.

"परगावचा डाक्टर लग्नाला गेलाय, म्हून तुमी," ती म्हणाली. "ही नवी म्हैस. गाभण हाय का न्हाय सांगा. गिऱ्हाईक थांबलंय."

राजपालनं तपासलं. पुन्हा तपासलं. हाताला काही लागतंय, की नुसता भास? हो म्हणावं आणि चुकलं तर? नाही म्हणावं, तर पुन्हा तेच. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"मावशी," तो हात बाहेर काढत म्हणाला, "मला आज न्हाय कळत. इकू नका. पंधरा दिवसांनी पुन्ना बघावं लागंल."

लोक फिदीफिदी हसले. चांगुणाबाई हसली नाही.

"त्या दिशी असं म्हनला असता," ती म्हणाली, "तर माझी म्हैस दावणीला असती."

राजपालची मान खाली गेली. शरमेनं डोळे भरून आले. तिनं गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि हात धुवायला बादली त्याच्यापुढं सरकवली.

"पंधरा दिवसांनी कोन येनार? तुमी, का दुसरा कुनी?"

"मीच येतो," राजपाल म्हणाला.