बिनपगारी दलदल

गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात ती अठरा वर्षं पाणी तपासत होती. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळे तिला पाणीवाल्या बाई म्हणत. रोज सकाळी सात वाजता नदीच्या पाण्याचे सहा ग्लास ओळीनं मांडायचे, त्यांत कमीजास्त तुरटी घालायची, ढवळायचं आणि कुठल्या ग्लासातला गाळ नीट खाली बसतो ते बघायचं. त्यावरून त्या दिवशीची तुरटी ठरायची. मग नळाला जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते तपासून तक्त्यात भरायचं. काम साधं होतं, पण सात वाजता म्हणजे सात वाजता. बाई सासूच्या आजारपणातही चुकली नव्हती.

पहिली सोळा वर्षं तुरटी चिमूटभरच लागायची. त्याचं श्रेय ना बाईचं, ना इंजिनियर साहेबांचं. केंद्राच्या वरच्या अंगाला कोसभर दलदल होती, पुरुषभर उंच पाणकणसांनी गच्च भरलेली. नदी वरून चिखल, शेण, वस्त्यांची घाण असलं काय काय घेऊन यायची, पण दलदलीत शिरली की तिची मस्ती उतरायची. गाळ खाली बसायचा, मुळं उरलेलं अडवायची, आणि केंद्राच्या तोंडाशी नदी शहाण्या मुलीसारखी यायची.

मग पालिकेनं ती दलदल विकली. "डास पोसणारी ओसाड जागा विकून तिजोरी भरली," असं अध्यक्षांनी सभेत सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. घेणाऱ्यानं वर्षभर मुरूम ओतला आणि गोदामं उभी केली.

पुढच्याच हंगामात बाईच्या सहाही ग्लासांत दुधाच्या चहासारखं पाणी आलं. तुरटी तिप्पट लागू लागली. पाणी गाळणारे वाळूचे थर दिवसातून चारदा धुवावे लागले. महिन्याचं क्लोरीन पंधरवड्यातच संपलं. तिनं साहेबांना लेखी कळवलं. साहेब हसले.

"एवढा खर्च? बाई, पाणी धुताय की सोनं?"

"साहेब, क्लोरीन नाही. नळाला कच्चं पाणी जातंय."

"तरतूद नाही. पुढच्या वर्षी बघू."

तिनं पुन्हा कळवलं. पुन्हा. सात वेळा. घरी मात्र पाणी उकळायला लागली. भावाला आणि शेजारणींनाही सांगितलं, पण शेजाराच्या पलीकडे एक अख्खं गाव होतं. आणि भाऊ बेकरीत पहाटेपासून भट्टीपुढे उभा, भावजय शिवणकामाच्या कारखान्यात. कुणी कधी उकळायचं, आणि कारखान्यातल्या माठाचं काय?

भावजयीला सातवा महिना होता. एका सकाळी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी भरती करून घेतली. "पाण्यातून येणारी कावीळ. एरवी माणूस महिन्यात उठून बसतं, पण पोटुशीला ही वैरीण आहे," त्या म्हणाल्या. वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन जण होते. नवव्या दिवशी भावजय वाचली, बाळ गेलं. मुलगी होती.

भाऊ एवढंसं गाठोडं हातात घेऊन व्हरांड्यात उभा होता. बाई जवळ गेली तेव्हा त्यानं मान वर केली.

"ताई, पाणी तूच तपासतेस ना गं?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. सात पत्रं लिहिली, असं त्या गाठोड्यासमोर कुठल्या तोंडानं सांगायचं?

चौथ्या दिवशी ती कामावर आली, तर टेबलावर कोरा करकरीत तक्ता. तीन महिन्यांचे आकडे नव्यानं भरलेले, क्लोरीन रोज भरपूर, खाली तिच्या सहीची जागा रिकामी.

"आरोग्य खात्याची माणसं यायची आहेत," साहेब नजर चुकवत म्हणाले. "नुसती सही करा. तुमच्या घरातलं कळलं. वाईट झालं. पण आता गेलेलं काही परत येतंय का?"

बाईनं तक्ता उचलला. "माझ्या भाचीच्या मरणावर माझीच सही हवी तुम्हाला?" ती म्हणाली. "लाज विकलीत ती दलदलीच्या आधी की नंतर?" आणि तक्त्यासकट बाहेर पडली.

पालिकेच्या आवारात सूचना पुकारणारी भोंग्याची गाडी उभी होती. भोंगेवाला चहा पीत होता. बाई पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि माईक हातात घेतला.

"अहो बाई, माझी नोकरी जाईल!"

"माझी आधी जाईल. रांगेनं जाऊ. चल."

मग कप खाली ठेवून त्यानं गाडी चालू केली. गल्लोगल्ली आवाज घुमला. "मी पाणीवाली बाई बोलतेय. नळाच्या पाण्यात तीन महिने क्लोरीन पुरत नाही. पाणी उकळून प्या. पोटुशी असेल तर न उकळलेला एक घोटही देऊ नका." दुपारपर्यंत घसा फाटला. तेव्हा पालिकेच्या पायऱ्यांवर रिकाम्या कळश्या घेऊन अर्धं गाव बसलं होतं.

अध्यक्ष बाहेर आले. "दुःखानं बाईंचं डोकं फिरलंय," ते लोकांना म्हणाले. "गोदामांनी तीनशे जणांना काम दिलं. त्या दलदलीनं काय दिलं होतं? डास!"

"पाणी दिलं होतं!" बाईचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "अठरा वर्षांतली सोळा वर्षं माझं निम्मं काम ती करत होती. पगार मागत नव्हती, म्हणून तुम्हाला ती रिकामटेकडी वाटली! फुकट राबणाऱ्याला हाकललंत, आणि आता तेच काम आमच्या पोरींच्या लिव्हरकडून करून घेताय. जमीन विकून किती आले ते तुम्ही सभेत सांगितलंत. औषधाला किती गेले ते कुठल्या सभेत सांगणार? तुमच्या तीनशेंतले किती जण आज कामावर आहेत, विचारा! निम्मे पिवळे पडून घरी आहेत, बिनपगारी!"

गर्दीतून डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "गेल्या वर्षी या दिवसांत काविळीचे चार रुग्ण होते," त्या म्हणाल्या. "आज दोनशे अकरा. तीन गरोदर बाया गेल्यात. लिहून घ्या."

अध्यक्षांनी काहीच लिहून घेतलं नाही. संध्याकाळी बाईच्या हातात निलंबनाचा कागद पडला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लोरीनचा ट्रक केंद्रावर उभा राहिला.

ही बातमी भोंगेवाल्यानं धावत येऊन आनंदानं सांगितली, आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा हातातली ताटली भिंतीवर फेकून बसली. पैसे होते. एका रात्रीत निघाले, म्हणजे तिच्या सातही पत्रांच्या वेळी होते. ती तशीच फरशीवर बसून हमसून रडली. भाऊ आला होता. त्यानं तुकडे वेचले आणि तिच्या शेजारी बसला. "त्या दिवशी मी तुला बोलायला नको होतं," एवढंच म्हणाला.

चौकशी आठ महिने चालली. बाईला कामावर परत घेतलं. साहेबांची बदली झाली, तीही वरच्या जागेवर. गाळ बसवायला पालिकेनं दोन मोठ्या टाक्या बांधल्या. दलदल विकून जेवढे आले होते, त्याच्या दुपटीहून जास्त त्यात गेले. अध्यक्षांनी फीत कापली आणि त्याही वेळी टाळ्या घेतल्या. बाई त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार लावून आत ग्लास धूत बसली.

गेल्या आठवड्यात पालिकेच्या फळ्यावर नवी सूचना लागली. नदीच्या पलीकडच्या तीरावर पाणकणसांचा एक पट्टा उरला आहे, तो विकायचा आहे. हरकत असल्यास सोमवारी अकरा वाजता सभागृहात मांडावी.

सोमवारी साडेदहालाच बाई निघाली. दारात भावजय उभी होती. अजून अशक्त होती, चार पावलांवर दम लागत होता.

"तू कशाला? पड जा घरी."

"तुमचा घसा बसतो, ताई," भावजय चपला घालत म्हणाली. "आज मी बोलते."