पाहुण्यांची खाट

बसा, मित्रांनो, पण जरा बेतानं बसा. मी जुनी खाट आहे, आणि माझ्या सांध्यांत आता जीव उरलेला नाही. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा आहे. तिथल्या दिवल्याने मला आपल्या म्हाताऱ्या बापासाठी घडवलं. पाय अंजनाच्या लाकडाचे, वीण अंबाडीच्या दोरीची. ती दोरी वळली त्याच्या बायकोने, चमेलीबाईने. पण सासऱ्यासमोर सुनेने खाटेवर कसं बसायचं? म्हातारा गेला, तरी ती भुईवरच बसत राहिली. मी मग पाहुण्यांची झाले.

पाड्यात दुसरी खाटच नव्हती. कुणाकडेही पाहुणा आला की मला उचलून न्यायचे. पाहुण्याला भुईवर बसवणं म्हणजे अख्ख्या पाड्याची अब्रू गेली! मलाही तेव्हा मोठा अभिमान वाटायचा.

एके वर्षी धुळ्याच्या एका अभ्यास केंद्रातून रतिलाल सर आले. खानदेशातली माणसं कशी जगतात, यावर ते केंद्र अहवाल काढतं. सर भला माणूस. घरोघरी बसत, पिकांचं विचारत, मोहफुलांचं विचारत, मजुरीला कुठे जाता ते विचारत. आमची घरं टेकडीटेकडीवर विखुरलेली. सर पुढच्या वाटेने निघाले की दिवल्या मला डोक्यावर घेऊन मागच्या वाटेने पळे आणि पुढच्या घराच्या ओट्यावर मांडे. सर येऊन बसत, विणीवरून हात फिरवत आणि म्हणत, "वा! इकडे सगळ्यांच्या खाटा एकाच हाताच्या दिसतात." माणसं तोंड दाबून हसत. अहो, मीसुद्धा हसले!

पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सरांच्या अहवालात छापून आलं की या पाड्यात घरोघरी खाट आहे, परिस्थिती बरी आहे. अहवाल गाजला. जळगावच्या परिषदेत वाचला गेला, त्यावरून दुसऱ्यांनी पुस्तकं लिहिली, आणि कचेरीतल्या साहेबांनीही तोच आधार धरला. नळ आधी गरीब पाड्यांना द्यायचे ठरले होते. आम्ही बरे निघालो! ग्रामसेवक जगदीशभाऊंनी हे सांगितलं, तेव्हा दिवल्याची मान खाली गेली. शेजारच्या पाड्यात नळ आला आणि चमेलीबाई मात्र नाल्यातला झिरा खरवडून हंडा भरत राहिली. तिचे गुडघे केव्हाचे बोलू लागले होते. मला फार वाईट वाटायचं.

यंदा त्याच केंद्रातून शीतल नावाची मुलगी आली. जुनी पाहणी पुन्हा करायची होती. ती चमेलीबाईकडे माझ्यावर बसली, चहा प्याली आणि शेजारच्या रोहिदासच्या घराकडे निघाली. दिवल्याने सवयीने मला उचललं. तोच चमेलीबाईने माझा पाय घट्ट धरला.

"ठेव खाले."

"येडी व्हयनी का?" दिवल्या पुटपुटला. "पाव्हनीले भुईवर बसाडशी?"

"आज बसू दे. मना गुडघा गयात." आणि तिने शीतलला हाक मारली, "उभी ऱ्हाय, माय! बठ्ठा पाडामा खाट एकच शे. तुमना सर वनात तवय तीच घरघर फिरत व्हती." म्हणजे सर आले तेव्हा घरोघर फिरलेली मीच!

शीतल आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हातातल्या जुन्या अहवालाकडे. "अरे देवा," ती हळूच म्हणाली, "आणि आम्ही सगळ्यांनी यावरूनच पुढचं लिहिलं." रोहिदासच्या घरी ती भुईवर मांडी घालून बसली. दिवल्या मात्र लाजेने दिवसभर तिच्यासमोर आला नाही.

नळ अजून आलेला नाही, मित्रांनो. केंद्राने चूक मान्य केली, नवा अहवालही कचेरीत धाडला. पण गाजलेल्या अहवालाचा पाय लवकर मागे येत नाही; कचेरी अजून जुनाच धरून आहे. चमेलीबाई वाट बघतेय.

शीतल आली त्या संध्याकाळी चमेलीबाईने डोक्यावरचा हंडा उतरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यावर आडवी झाली. स्वतः वळलेल्या दोरीवर, पहिल्यांदाच. माझे सांधे दुखत होते, पण मी हूं की चूं केलं नाही.

उद्या शिकूनसवरून तुम्हीही कुणाच्या दारी माहिती विचारायला जाल. खाट पुढे आली तर बसा, त्यांचं मन मोडू नका. पण उठताना एवढं विचारा, बाळांनो: "या घरची बाई कशावर निजते?"