कर्णा आणि उमेदवाराचे आजोबा

मी पत्र्याचा एक जुना कर्णा आहे, मित्रांनो. डबे बनवणाऱ्या एका कारागिराने तेलाचा रिकामा डबा कापून मला घडवलं. सांध्याला कथलाचा डाख देऊन झाल्यावर त्याने माझी कड कानशीने घासली. बोलणाऱ्याचा ओठ कापू नये म्हणून.

कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करणाऱ्या एका बाईने मला बनवून घेतलं होतं. ती नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. त्या वस्तीतल्या कुणालाही गावच्या वाचनालयात पाऊल ठेवता येत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पहारेकऱ्याला तो तोंडपाठ होता. त्याने बाईच्या मुलीला दारातून हाकललं आणि दुसऱ्याच दिवशी वस्ती वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. सलग एक्केचाळीस दिवस बसली. बाईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण ती माझ्यातून खणखणीत विचारायची, "वाचनालय सगळ्यांचं, मग कुलूप कुणाचं?"

बाराव्या दिवशी तिच्या डोक्यावर आलेली लाठी माझ्यावर बसली. मी चेपलो. एक्केचाळिसाव्या दिवशी दार उघडलं. तिची मुलगी सर्वांत आधी आत गेली आणि नकाशांचं सगळ्यात जाड पुस्तक उघडून बसली.

मग माझं कौतुक झालं. मला काचेच्या कपाटात ठेवलं, शाळांच्या सहली मला बघायला येऊ लागल्या. पुढे काच तडकली. मी अडगळीच्या खोलीत गेलो आणि कित्येक वर्षं माझ्यात ओल्या छत्र्या उभ्या राहिल्या. नव्या ग्रंथपालबाईंनी मला बाहेर काढलं, गंज खरवडला आणि टेबलावर ठेवलं.

त्याच वर्षी निवडणूक होती. वस्तीतलाच एक तरुण उमेदवार छायाचित्रकारांना घेऊन वाचनालयात आला. त्याने मला उंच धरलं.

"याच कर्ण्यातून माझे आजोबा गरजले होते! त्यांनी पाठीवर लाठ्या झेलल्या, पण ते मागे हटले नाहीत. तेच रक्त माझ्या अंगात आहे!"

खिडकीजवळ ती इस्त्रीवाली बाई वर्तमानपत्र वाचत होती. पन्नाशीत ती वाचायला शिकली होती. तिने चष्मा काढला.

"अरे बाळा, तुझा आजोबा पायऱ्यांवर नव्हताच."

उमेदवाराचा मदतनीस पुढे झाला. "आजी, आपण नंतर बोलू."

"नंतर कधी? मी पंच्याऐंशीची आहे." ती उमेदवाराकडे वळली. "गर्दी बघितली की त्याचे पाय लटपटायचे. पण ते एक्केचाळीस दिवस माझ्या टेबलाशी तो उभा होता. माझ्या गिऱ्हाइकांचे कपडे इस्त्री करत. पहिल्याच दिवशी तीन शर्ट जाळले त्याने! तरी माझ्या पोरांची चूल विझू दिली नाही."

उमेदवाराचा हात खाली आला. "घरी कुणी कधी सांगितलं नाही हे."

"लाज वाटली असेल. बायकी काम करतो म्हणून लोक हसायचे त्याला."

संध्याकाळी चौकातल्या सभेत त्याने मला बरोबर नेलं. त्याने आजोबांची, इस्त्रीची आणि जळालेल्या तीन शर्टांची गोष्ट सांगितली. टाळ्या बेताच्याच पडल्या, पण सभा संपल्यावर दोन-चार म्हातारी माणसं त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं!

आठवड्याने दुसऱ्या गावातलं त्याचं भाषण वर्तमानपत्रात आलं. तिथे आजोबा पुन्हा गरजले होते. लाठ्यांच्या जोडीला आता तुरुंगवासही भोगून आले होते.

ग्रंथपालबाई चिडल्या. म्हातारीने मात्र बातमी शेवटपर्यंत वाचली आणि कागदाची घडी घातली. "एकदा तरी खरं बोलला. पण तोंडाला वळण लागायला वेळ लागतो. तोवर तुम्ही वही आणा."

तीन दुपारी ती सांगत राहिली आणि ग्रंथपालबाई लिहीत राहिल्या. पायऱ्यांवर कोण बसलं, कुणी पाणी आणलं, कुणी कुणाची लेकरं सांभाळली, कुणी घाबरून दाराला कडी लावली, तेही. शेवटी पाहिलं तर बसणाऱ्यांपेक्षा त्यांची घरं सांभाळणाऱ्यांची यादी लांब निघाली. तो उमेदवार निवडून आला. वही वाचायला अजून आलेला नाही.

मित्रांनो, माझा गंज पुसाल तर बरं वाटेल. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. त्यांचं ऐका, ऐकाल तेवढंच लिहा. आणि तुमचे आजोबा भित्रे निघाले, तर तेही खोडू नका.