उसनं आमेन

“टोक धर ताई, सुटतंय.”

“सुटू दे. देवाने माझ्या हातात दुसरं दिलंय काय? परक्यांच्या चादरींची टोकंच.”

दवाखान्याच्या धुलाईघरात मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी चार टोकं धरायची, मागे सरून ताणायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. हाताला हात लागतो, टोकं एकीच्या हाती जातात, दुसरी पुन्हा माघारी. सासर-माहेर केल्यासारखं दिवसभर. हात लागला की आमेनबाई ताईची बोटं हलकेच दाबायची आणि गुणगुणायची:

देवा तुझ्या देण्यापुढं माझी ओंजळ लहान,
सांडलं ते पाखराला, तरी उरलं मला दान.

गाणं तिच्या आईने रचलेलं. ‘आमेनबाई’ हे नाव मात्र मुकादमाने ठेवलेलं. पगार झाला, आमेन. पगार लांबला, तरी आमेन. “हिला कामावरून काढलं तरी ही आमेनच म्हणणार,” तो म्हणायचा, “मग काढण्यात मजा काय?”

तसं पाहिलं तर ताईला काय कमी होतं? नवरा कमावता, मुलगा हाताशी आलेला, घर स्वतःचं, घरात नळ. पण नळाची धार बारीक होती, मुलगा बोलत नव्हता, आणि नवरा पीत नसला तरी घोरत होता. दोघी एकाच चर्चला जायच्या. रानात आकाशातून पडलेलं अन्न, मान्ना, खाऊनही देवापुढे तोंड वाकडं करणाऱ्या लोकांवर पाळकसाहेबांनी उपदेश केला, तेव्हा ताईने मान वळवून, हे नेमकं कुणाला लागू पडतंय ते बाकाबाकावर शोधलं होतं.

आणि आमेनबाईकडे होतं काय? अंथरुणाला खिळलेला नवरा, भाड्याची खोली, डब्यात पाव आणि उकडलेला बटाटा. त्या बटाट्यापुढे ती डोळे मिटायची, ओठ हलायचे, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उमलायचं की ताईच्या तोंडात घास फिरायचा. साडी असती तर ताईने तसलीच घेतली असती. दागिना असता तर नवऱ्याच्या मागे लागली असती. हे कुठल्या दुकानात मागायचं? एकदा घरी आरशासमोर तिने डोळे मिटून पाहिले, मग हळूच एक डोळा उघडला. आरशात काहीतरी मागायला आलेली एक बाई उभी होती.

आपल्याला येत नाही, तर तिलाही येऊ नये. ताईने हे ठरवलं नव्हतं. भिंतीला ओल येते, तसं ते आतून आलं.

“तुला नेहमी ओल्या गाठोड्यांपाशीच उभं करतात. बघितलंस?”

“पाय गार राहतात, ताई.”

“चर्चच्या मंडळीतल्या बायका त्या शाळेतल्या शिक्षिकेच्या आजारी नवऱ्याला बघायला फळं घेऊन गेल्या. तुझ्याकडे कोण फिरकलं?”

“आमचा जिना उभा आहे ना. चढवत नसेल त्यांना.”

आमेनबाई हसली, पण टोक तिने जरा उशिरा धरलं. ते ताईने टिपलं. मग रोज एक थेंब. घरमालकाचा, नणंदेचा, मुकादमाचा. दगडालाही पाण्याने खळगा पडतो, ही तर बाईच होती.

एक दिवस हाताला हात लागला तेव्हा ताई हळू आवाजात म्हणाली, “इतकी वर्षं नवऱ्याचं सगळं करतेस. त्याने कधी तुझे आभार मानले का गं?”

आमेनबाईने बोटं दाबली नाहीत. चादरीचा पोटभाग खाली फरशीला टेकला.

“नाही,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

त्या दिवसापासून गाणं बंद झालं. आधी तिने जिन्याला नावं ठेवली, मग नवऱ्याला, मग वर बोट करून, “त्याला तरी कुठे दिसतंय?” ताईची कुरकुर नळाच्या धारेची, हिचा बांध फुटला होता. ताईला आतून गोड गोड वाटलं. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, “अखेर तीही आपल्यासारखीच निघाली.”

नवरा बुटाची नाडी सोडत होता. “म्हणजे कशी?” त्याने विचारलं.

ताईने नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले. ताई सवयीने घास हातात धरून थांबली. आमेनबाईने बटाटा फोडला, मीठ लावलं आणि खायला लागली.

“अगं…”

“काय?”

“प्रार्थना राहिली.”

“मग कर की. तुझं तोंड कुणी धरलंय?”

ताईचा घास हातातच राहिला. या टेबलावर तिने स्वतः कधी प्रार्थना केलीच नव्हती. समोरचे ओठ थांबले की आमेन म्हणायचं आणि जेवायचं. जिच्यावर जळत आलो, तिच्याच कृतज्ञतेवर आपण आजवर जेवत होतो. आता चूल विझली होती आणि तिच्यावर पाणी आपणच ओतलं होतं.

दुपारी चादर ताणताना ताईने सूर धरला, “देवा तुझ्या देण्यापुढं…” चाल चुकली. पुढची ओळ आठवेना. इतकी वर्षं कानांवर पडलेली, पण ऐकलेलीच नव्हती.

“पुढे काय गं?”

“टोक धर ताई. सुटतंय.”

दोघी चालत जवळ आल्या. या वेळी ताईने तिची बोटं दाबली. आमेनबाईने आपली बोटं सोडवून घेतली आणि घडी पूर्ण केली.

पुढच्या दिवशी डबा उघडताच ताईने डोळे मिटले. “प्रभू,” ती म्हणाली, आणि सवयीने एक गाऱ्हाणं जिभेवर आलं. ते तिने गिळलं. मग आत हात घालून चाचपावं तसे शब्द शोधले. “या पावाबद्दल… या बटाट्याबद्दल. आणि हिच्याबद्दल.” एवढंच सापडलं. आवाज दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखा होता.

आमेन म्हणण्याआधी तिने एक डोळा किलकिला केला.

आमेनबाईने डोळे मिटले नव्हते. ती खिडकीबाहेर, दोरीवर हलणाऱ्या चादरींकडे पाहत होती. पण तिचा जबडा थांबलेला होता. घास गालात तसाच धरून ती बसली होती.

“आमेन,” ताई म्हणाली.

तेव्हा आमेनबाई हळूहळू चावू लागली.