टाका दिसेल म्हणून

वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी पोह्यांना फोडणी बसली, तेव्हा आतल्या खोलीत हिराबाई लेकीच्या मानेला मलम चोळत होत्या. बघायला पाहुणे यायचे होते.

आम्रपाली हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. दडवलेली चूक पुढे किती महागात पडते, हे ती मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनाही ठणकावून सांगायची. घरी मात्र तिच्या अंगावरचे खाजरे चट्टे कॉलेजपासून दडवलेले. त्यांच्यापायी दोन स्थळं मोडली आणि हिराबाईंनी रीतच पाडली. कोणी बघायला येणार म्हटलं की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मलमाची ट्यूब आणायची. चट्टे विरायचे. पाहुणे गेले की दुप्पट जोमाने परत यायचे.

या वेळी मानेत गाठही आली होती, चांगली सुपारीएवढी.

सदाशिव पेठेतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी ती आदल्याच आठवड्यात चाचपून पाहिली होती. "कातडी सतत पेटलेली असली की त्याचा ताण या गाठींवर येतो, त्या सुजतात. बहुतेकदा एवढंच असतं. पण कधी कधी कातडीतला कॅन्सरच चट्ट्यांचं रूप घेऊन बसतो. गाठ काढून तपासायला हवी. आणि ती ट्यूब बंद करा, तिच्यामुळे खरा आजार झाकला जातो."

"टाका दिसेल का हो?" हिराबाईंनी विचारलं.

"दिसेल की. मान आहे, पाठ नाही."

"मग लग्न झाल्यावर करू."

"करा ना. गाठीलाही पत्रिका पाठवा, म्हणजे तोवर थांबेल." डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या.

वडील, रामदासराव, काहीच बोलले नाहीत. बायकांच्या गोष्टींत ते बोलत नसत आणि याला ते सभ्यपणा समजत.

तर पाहुणे आले. अमेरिकेतून रजेवर आलेला चेतन आणि त्याची आई मुक्ताई. "मुलगी शांत आहे हो," मुक्ताई कौतुकाने म्हणाल्या. शांत कसली? खाजवायचं नाही म्हणून ती मुठी आवळून बसली होती. पसंती आली. लग्न चेतनच्या पुढच्या रजेत करायचं ठरलं.

"आई, आता तरी गाठ काढू या."

"साखरपुडा होऊ दे गं बाळा. फोटो जन्मभर राहतात."

साखरपुडा झाला. मग हिराबाई म्हणाल्या, हळद होऊ दे. तोवर काखेतही गाठी आल्या, ताप येऊ लागला, ड्रेस अंगावर लोंबायला लागले. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारत, "डाएट कोणतं गं तुझं?"

शेवटी एका दुपारी अर्धी रजा टाकून ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. गाठ काढली गेली. तपासणीचं काय निघालं ते ऐकायला मात्र तिने आईवडिलांनाही सोबत नेलं.

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कातडीतून गाठींत पोचलाय."

"तेव्हाच काढली असती तर?" रामदासरावांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तेव्हा तो कुठवर होता, मला माहीत नाही. तुम्ही कळूच दिलं नाहीत. उपचार आहेत. पण आता ते जड जातील."

हिराबाई खूप रडल्या. मग पदराने डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "हे बाहेर कळायला नको हं. चेतनच्या घरी सांगू, डेंगी झालाय."

आम्रपालीने तिथेच मोबाइल काढला, मुक्ताईंना लावला आणि ट्यूबपासून गाठीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

पलीकडून प्रश्न आला, "त्याची लागण होते का गं? आम्ही जेवलोय तुमच्याकडे."

"नाही काकू. जेवण पचलं असेल तर काळजी नको. आणि हे लग्न मी मोडतेय. चेतनला मीच सांगते."

फोन बंद झाला तशी हिराबाईंनी कपाळाला हात लावला. "मोडलंस? अगं, आता तुला कोण करून घेईल?"

हिराबाई दुष्ट नव्हत्या. लेकीचा ताप उतरावा म्हणून त्या रात्र रात्र उशाशी बसल्या होत्या. पण मुलगी म्हणजे दाखवायची वस्तू, हे त्यांना आपणच शिकवलंय. मी, तुम्ही, पोहे खाऊन "कळवतो" म्हणत उठणारे सगळे.

आम्रपालीने आईचा हात हातात घेतला.

"आई, मी जगेन का, ते विचार ना त्यांना एकदा."

हिराबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. ओठ हलले, पण प्रश्न काही बाहेर येईना.